हिरव्या काचेचं घर

नलिनीअक्कांचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागून. त्या नसत्या तर मी या मुलखात टिकले नसते. त्यांनी मला घरात घेतलं, कानडीत भाजीचा भाव करायला शिकवलं, रस्ता ओलांडताना माझं मनगट धरलं, आणि कलघटगीकडच्या रानातल्या एका झऱ्यात, ओल्या दगडाच्या पोटाशी कोण राहतं ते दाखवलं. यातलं मोठं कुठलं आणि लहान कुठलं, मला अजून ठरवता येत नाही.

परवा त्या झऱ्यावर जाऊन आले. तेव्हापासून हाताला ब्लीचिंग पावडरचा वास आहे. साबणानं धुतले, चिंचेच्या कोळानं चोळले, त्याच हातांनी मेसची कणीक मळली, तरी बोटं नाकाशी गेली की तोच. आणि तो आला की मला भीती वाटते. मी तशी भित्रीच. फोन वाजला तरी दचकते. पण ही भीती जुनी आहे, माझ्या गावाकडून माझ्याबरोबर आलेली. म्हणून लिहून काढते. अक्कांची लेक त्यांना वाचून दाखवेल.

माझं गाव आजऱ्याच्या बाजूला, डोंगरात. सातवी झाली आणि शाळा सुटली. पुढं हुबळीला दाजीबानपेठेत नात्यातले एक काका कापडाच्या दुकानात होते, त्यांच्या ओळखीनं मी अक्कांकडं स्वयंपाकाला आले. का आले, कशी आले, ते इथं नको. एवढं आठवतं, की बसमधून उतरून पेठेत शिरलो तेव्हा कोऱ्या कापडाच्या खळीचा वास अंगावर आला, आणि डोक्यावर जिकडं तिकडं पाट्या. पाट्यांवर गोल गोल वळणांची अक्षरं. एकही लागेना. मला वाटलं, सगळी अक्षरं डोळे वटारून माझ्याकडंच बघताहेत.

"अगं चल की," काका म्हणाले, "वाट अडवून काय उभी राहिलीस?"

मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून चालले. लहान नव्हते, तरी धरलं.

अक्का धारवाडला, सुभाष रोडच्या मागच्या एका गल्लीत एकट्या राहायच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, सडसडीत, सुती साडी आणि साडीखाली पुरुषी बूट. मी दारातच थांबले होते.

"घाबरलीस काय गं?"

"नाही."

"मग दाराची कडी सोड. उपटून हातात येईल."

अशी आमची पहिली भेट. त्या घराला दोन वास होते. आत स्वयंपाकघरात तव्यावरच्या भाकरीचा आणि फोडणीतल्या लसणाचा, आणि बाहेरच्या खोलीत ओल्या पानांचा, शेवाळाचा, पावसाळी मातीचा. उन्हाळ्यातसुद्धा. त्या खोलीत एक पांढरं पत्र्याचं ताट होतं, काठ उचललेलं, मुलामा दिलेलं. शेजारी मुलांच्या चित्रकलेचे मऊ कुंचले, काचेचं भिंग, एक बारीक जाळी.

"ही परात कशाची?" मी विचारलं.

"किड्यांची."

"मग ती माझ्या कणकेच्या परातीजवळ यायची नाही."

मला वाटलं, झालं, आता बोचकं बांधायचं. तर अक्का म्हणाल्या, "बरं बाईसाहेब," आणि ताट उचलून कपाटाच्या वर ठेवलं. या घरात मी काही बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

रानात त्यांनी मला नेलं ते डबा धरायला. कलघटगीपर्यंत बस, तिथून बसूअण्णाचा टेम्पो. बसूअण्णाचं रानाच्या कडेला चहाचं हाटेल, आणि त्याच्या गावाचाच तो झरा. टेम्पोतून उतरलं की पायवाट. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. ऐनाच्या झाडांची साल मगरीच्या पाठीसारखी. बांबूच्या बेटात वारा शिरला की कुणीतरी जुनं दार उघडतंय असं वाटायचं, आणि मी अक्कांच्या पदराजवळ सरकायची. मग एकदम गारवा. पाणी दिसायच्या आधी त्याचा गारवा पोटऱ्यांना लागायचा.

मोठ्या जांभळीच्या मुळांतून पाणी यायचं. त्या जागेला सगळे तोंड म्हणायचे. तोंडाखाली परातीएवढा खळगा, तिथून दगडांवरून खाली, आणि खाली गावकऱ्यांनी कधीकाळी बांधलेलं दगडी कुंड. जांभळीच्या बुंध्याला कोनाडा, त्यात शेंदूर फासलेली होळेव्वा, झऱ्याची देवी. बाया तिची ओटी भरायच्या. खण, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. खण वाऱ्यानं जायचे, हळद पाण्यानं. बांगड्या कोनाड्यातून घरंगळून खळग्यात पडायच्या, दगडावर फुटायच्या, आणि वर्षानुवर्षं घासून घासून त्यांचा हिरवा चुरा वाळूत मिसळून गेला होता. ऊन पडलं की तळ चमकायचा.

मला तहान लागली होती. तांब्याच्या तोंडावर ओढणीचं टोक दुहेरी करून धरलं, पाणी गाळून घेतलं, प्यायले, आणि ओढणी उलटी करून त्याच खळग्यात खळबळली. हातानं आपोआप केलं.

"हे कुणी शिकवलं?" मागून अक्का.

माझे हात तसेच पाण्यात. "चुकलं का?"

"कुणी शिकवलं, विचारते आहे."

"आई करती. फडक्यात राहिलंय ते त्यांचं त्यांना परत द्यायचं."

"का?"

"काय की. घर त्यांचं हाय म्हणून."

अक्कांनी माझ्या खांद्यावरची डब्याची पिशवी काढून घेतली, झाडाला टांगली, आणि जाळी माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून मी नुसती स्वयंपाकाची राहिले नाही.

दगड कसा उचलायचा, ते त्यांनी शिकवलं. दोन्ही हातांनी, सावकाश, पाणी न ढवळता. पांढऱ्या ताटात थोडं पाणी घ्यायचं, दगड त्यावर पालथा धरायचा, आणि कुंचल्यानं बाळाच्या कपाळावरून फिरवावा तसा फिरवायचा. आधी काहीच दिसायचं नाही. मग ताटातला एखादा कण चालायला लागायचा. चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे, कडेनं कल्ले पिसासारखे हलवणारे. दोन शेपट्यांचे, जरा रागीट. दगडाला टिकलीसारखे चिकटलेले, वाटोळे, निघता न निघणारे. चतुराची पिल्लं, जी मोठेपणी उडतील यावर माझा विश्वासच बसेना, इतकी ती चिखलाची दिसायची. बघून झालं की सगळ्यांना परत सोडायचं, आणि दगड होता त्याच खळग्यात, तीच बाजू खाली ठेवून बसवायचा.

"छप्पर आहे त्यांचं," अक्का म्हणायच्या. "आपण पाहुणे. जाताना छप्पर उडवून जायचं नाही."

पहिल्यांदा मी किंचाळले होते, ते सांगायला हवं. तीन शेपट्यांचा एक माझ्या बोटावर चढला आणि मी ताट टाकणारच होते.

"थांब, थांब! तो तुला जास्त घाबरलाय."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तू ओरडलीस. त्याला ओरडतासुद्धा येत नाही."

मग मी त्याच्याकडं नीट बघितलं. तो बोटाला घट्ट चिकटून बसला होता, अंग जेवढं चपटं करता येईल तेवढं करून. मला ते बसणं ओळखीचं वाटलं. दाजीबानपेठेत मी अशीच भिंतीला लागून चालले होते.

जेवण आम्ही तोंडापाशीच करायचो. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. अक्का खाता खाता सांगायच्या. सागाची, जांभळीची पानं पाण्यात पडतात, ती हे कुरतडतात. यांना चतुराची पिल्लं खातात, मासे खातात, बेडूक खातात. पंख फुटून वर आले की पाखरं खातात. "हे रान जेवतं ना, त्यातले बरेच घास इथून जातात," त्या म्हणायच्या. आणि मग आवाज जरा खाली आणून, "पाणी बिघडलं की आपल्याला कधी कळतं? पोट बिघडल्यावर. यांना आधी कळतं. सगळ्यांत आधी हे जातात. कुणाला न सांगता."

मला ते ऐकवायचं नाही. कारण मी ते बघितलेलं होतं.

आमच्या गावचा झरा उंबराखाली होता. त्यातही असेच होते, पण त्यांना कुणी नावानं ओळखत नव्हतं. आई फडकं उलटं करून त्यांना परत सोडायची तेवढीच त्यांची ओळख. पुढं तिथं सिमेंटची टाकी झाली, नळ बसला, नारळ फुटला, पेढे वाटले. पाणी सुंदर दिसायला लागलं. निवळ्या म्हणजे पाण्यावर गिरक्या घेणारे बारके किडे, तेही दिसेनासे झाले. बेडूक गप्प झाले. आई एक दिवस गाळलेलं फडकं उघडून बघत राहिली. कोरं फडकं. "कुणीच नाही गं," ती म्हणाली, मला नाही, पाण्याला म्हणाल्यासारखी. त्यानंतर टाकीला हिरवी बुळबुळ धरली, मग वास यायला लागला, मग बाया दुसरीकडं जायला लागल्या. मी शेवटची गेले तेव्हा नळाच्या तोंडात कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. आईही तोवर नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या मनात त्या एकाच कप्प्यात बसल्यात.

कलघटगीच्या झऱ्यावर मात्र सगळे होते. दिवाळीनंतर गेलं की पाणी भरलेलं, गवताला ओला वास. थंडीत सकाळी पाण्यावर वाफ, आणि अक्कांच्या चष्म्यावर धुकं. त्या चष्मा पुसायच्या आणि मी दगड धरायची. चैत्रात धार करंगळीएवढी व्हायची, सगळं रान कोरडं ठणठणीत, आणि तरी तोंडाजवळच्या दगडाखाली सगळी वस्ती दाटीवाटीनं राहिलेली. एकदा संध्याकाळी आम्ही निघतच होतो, तर पाण्यावरून पिठासारखं काहीतरी उठलं. तीन शेपट्यांवाल्यांना पंख फुटले होते. वर जात होते, खाली येत होते, पुन्हा वर. आवाज अजिबात नाही.

"यांना आता तोंड नाही," अक्का म्हणाल्या. "खायचं नाही, प्यायचं नाही. एवढा नाच, अंडी, संपलं."

"मग एवढ्यासाठी एवढे दिवस दगडाखाली?"

"एवढ्यासाठी. आणि बघ, कुठं निघालेत? वर. लहानपणी पाण्याबरोबर खाली वाहत जातात, पंख आले की अंडी घालायला तोंडाकडं परत येतात. वरचं जिवंत असलं की खालचं पुन्हा भरून येतं."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं.

सगळ्यांत आवडता होता तो घरकरी. हे नाव आमचं दोघींचं. वाळूचे कण तोंडातल्या धाग्यानं जोडून तो नळीसारखं घर बांधतो, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि त्यात राहतो. चालताना घर ओढत नेतो. एका थंडीत अक्का भिंगातून बघता बघता मोठ्यानं हसल्या. "अगं ये, ये! हिनं चुडा भरलाय!" मी बघितलं. वाळूच्या कणांत मधे मधे हिरवे ठिपके. बांगड्यांचा चुरा. ओटीतल्या बांगड्या फोडून, घासून, कणकण वेचून कुणीतरी घर बांधलं होतं. अक्का दिवसभर हसत होत्या. गावातले त्यांना "हुळदव्वा" म्हणायचे, म्हणजे किड्यांची आई. त्यांना त्या नावाचा राग कधी आला नाही. त्या दिवशी तर त्या स्वतःच म्हणाल्या, "हुळदव्वाची लेक सासरी निघाली."

ते दिवस कसे गेले, कळलं नाही. अक्का न्हाणीघरात पडल्या. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. मी मागच्या खोलीत राहते, गल्लीतल्या मेसला चपात्या करते. पांढरं ताट अजून कपाटाच्या वर आहे. दर रविवारी त्यांच्या लेकीचा व्हिडिओ फोन येतो. पडद्यावर अक्कांचा चेहरा एका बाजूला ओघळलेला. मोजकेच शब्द फुटतात, त्यातला एक नेहमीचा.

"झरा?"

"जाते, अक्का. जाऊन बघून येते."

पण त्यांच्याशिवाय त्या रानात शिरायचं धाडस होत नव्हतं.

मग बसूअण्णाचा फोन आला. आवाजात जत्रेचा उत्साह. "ताई, यंदा होळेव्वाची जत्रा दणक्यात आहे. आमी समितीनं झरा क्लीन करायला घेतलाय. खालचं कुंड झालं. लई भारी दिसतंय. येऊन बघा की, अक्कांना फोटो पाठवा!"

"क्लीन म्हणजे काय केलं, अण्णा?"

"या तर खरं!"

बसमध्ये मी खिडकीचा गज धरून बसले. नेहमी अक्का खिडकीशी बसायच्या. कलघटगी आलं, हाटेल आलं, पायवाट आली. सागाची पानं पायाखाली मोडली आणि प्रत्येक आवाजाला मी थांबले. पोटऱ्यांना गारवा लागायच्या आधी नाकाला वास लागला. मी तिथंच उभी राहिले. पुढं जाऊ नये असं वाटलं. न बघितलं तर झालेलं नसेल, असं काहीतरी वेड्यासारखं.

कुंडाचे दगड काथ्यानं घासून पांढरे काढले होते. पाणी इतकं नितळ, की आहे की नाही कळेना. निवळ्या नाहीत. बेडूक नाही. काठावर ओल्या दगडांना तिळाच्या टरफलांसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. मी वाकून बघितलं. टरफलांना शेपट्या होत्या.

"कसं चकाचक झालंय?" बसूअण्णा मागून आला. नवा सदरा, कपाळाला भंडारा, तोंडभर हसू. गेली कित्येक वर्षं यानं आम्हाला टेम्पोतून आणलं, दर वेळी चहा पाजला. वाईट माणूस नाही हो. "पाणी बघा, बाटलीतल्यासारखं!"

"किडे कुठं गेले, अण्णा?"

"मेले की! सगळे मेले. आता शोधून दाखवा एक तरी!"

मी पाण्यात हात घातला. एक दगड उचलला, पालथा केला. कोरा. दुसरा. कोरा. आईचं ते फडकं डोळ्यांसमोर आलं. बोटं चुरचुरायला लागली तरी मी दगड उचलत होते.

"आणि वरचं तोंड?" दगड हातातच धरून मी विचारलं.

"ते आज जेवण झालं की. घासायचं, पावडर मारायची, आणि टाइल्स. त्या बघा, आणून ठेवल्यात. पांढऱ्या घेतल्या. देवीला पांढरं शोभतं."

चार-पाच माणसं टाइल्सच्या खोक्यांवर बसली होती. सगळे माझ्याकडं बघत होते. एवढ्या वर्षांत शिकलेली कानडी डोक्यातून पार पुसली गेली. अक्का असत्या तर एका वाक्यात थांबवलं असतं. मी फक्त म्हणाले, "नको."

"का?"

"अक्का नको म्हणतील."

बसूअण्णाचं हसू जरा उतरलं. "अक्का मोठ्या बाई, ताई. पण बघा, जत्रेला लेकरंबाळं येणार, हेच पाणी पिणार. नीराग हुळ अदाव, पाण्यात किडे हायत म्हणून सगळा तालुका आमाला नावं ठेवतो. देवीच्या पाण्यात किडे बरे दिसतात का?"

तो लेकरांचीच काळजी करत होता. मी वर तोंडाकडं चालत गेले, निदान एकदा बघून घ्यावं म्हणून.

तिथं गंगव्वा बसली होती. होळेव्वाच्या कोनाड्याची झाडलोट करणारी म्हातारी. तिला नुसती कानडी येते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण तिनं मला पावलांवरून ओळखलं.

"हुळदव्वाबरोबरची ना तू? बा यव्वा, कुंड्रु." ये, बस. तिनं माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. "अंजब्याड," ती म्हणाली. भिऊ नको. माझी पावलं कशी अडखळत आली, ते तिनं ऐकलं होतं.

मग म्हणाली, कुंडातलं पाणी प्यायले तर जीभ पोळली. तू वरचं दे.

तांब्या घेतला, पदर दुहेरी केला, पाणी गाळलं. तिला प्यायला दिलं. आणि पदर उलटा करायला उघडला तर ओल्या कापडावर तांदळाच्या दाण्याएवढी एक नळी. उन्हाकडं केली. वाळू, वाळू, आणि मधे हिरवा ठिपका. आणखी एक. आणखी.

गंगव्वाच्या ओंजळीत थोडं पाणी घातलं आणि ती नळी त्यात सोडली. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. मेलाय, असं वाटलं. पावडर इथपर्यंत आली असेल. मग नळीच्या टोकातून बारीकसं डोकं बाहेर आलं, पाय आले, आणि घर तिच्या तळहातावरून सरकायला लागलं.

गंगव्वानं हात डोळ्यांजवळ नेला, अगदी नाकाला लावला. हिरवं तेवढं तिला दिसलं असावं.

"यव्वा! इदु नम्म बळि ऐतल्ल!"

ही तर आमची बांगडी. तिची, तिच्या सुनांची, गावातल्या सगळ्या बायांची. इतकी वर्षं वाहिलेली ओटी कुठं जाते, याचा तिनं कधी विचार केला नसेल. आता ती तिच्या हातावर चालत होती.

तेव्हा मला कानडी परत आली. मोडकीतोडकी, उलटसुलट. मी सांगितलं की हे घाणीचे किडे नाहीत, पाणी चांगलं आहे म्हणून हे आहेत. ती पावडर पडली की हे जातील, आणि हे गेले की मागून पाणीही जाईल, माझ्या गावाला गेलं. लेकरांना गाळून द्या, आणि गाळलेलं परत सोडा. सांगताना मी रडत होते की काय, ठाऊक नाही. गंगव्वानं ऐकून घेतलं. मग खाली बघून हाक मारली, त्या वयाच्या बाईला शोभणार नाही एवढ्या मोठ्यानं.

"ए बस्या! टाइल्स ब्याड!"

बसूअण्णा धावत वर आला. ओंजळीत बघितलं. डोकं खाजवलं.

"बरं, पण लोक नावं ठेवतील त्याचं?"

मी इथं फडकं घेऊन बसते, गंगव्वा म्हणाली. येईल त्याला गाळून देते. कोण नावं ठेवतो बघू.

"आणि टाइल्सचं काय करू? आणल्यात की!"

तुझ्या हाटेलात लाव, ती म्हणाली. तिथंच किडे जास्त आहेत.

खोक्यांवर बसलेले सगळे हसले. बसूअण्णाही हसला, जरा उशिरा. पण पावडरची पिशवी त्यानं स्वतः उचलून टेम्पोत नेऊन ठेवली. मी गंगव्वाची ओंजळ खळग्यापाशी नेली, आणि घरकऱ्याला त्याच्या हिरव्या वाळूत सोडलं.

निघताना तोंडाजवळचा एक दगड उचलून बघितला. तीन शेपट्यांचे होते. थोडे होते, पळाले. दगड परत ठेवला, तीच बाजू खाली. कुंडाकडं मात्र बघवेना.

हाटेलापाशी रेंज आली, तेव्हा पुण्याला फोन लावला. अक्कांचा चेहरा पडद्यावर आला, एक डोळा मोठा, एक मिटत आलेला.

"झरा?"

"खालचं कुंड गेलं, अक्का." हे सांगताना मी डोळे मिटून घेतले. "पण वरचं आहे. गंगव्वानं राखलं. आणि अक्का, चुडा भरलेला मिळाला. हिरव्या काचेचा. तिच्या हातावर चालला."

मला वाटलं फोन अडकला. मग त्यांचा ओठ हलला, पुन्हा हलला, आणि मोठ्या कष्टानं एक शब्द आला.

"परत?"

"हो, अक्का. परत. होता तिथंच सोडला."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्याची चांगली बाजू हसत होती.

भीती गेलेली नाही. समितीत उद्या नवी माणसं येतील, गंगव्वा थकली आहे, घासलेल्या दगडांतून तो वास कधी जाईल, मला ठाऊक नाही. रोज उठले की आधी हाताचा वास घेते. पण वरचं जिवंत आहे, आणि वरचं जिवंत असलं तर खालचं भरून येतं, हे तुम्हीच सांगितलंय. मी जात राहीन, अक्का, एकटी, भीत भीत. कुंडातला एकेक दगड उचलून बघेन आणि तसाच ठेवेन. आणि ज्या दिवशी त्यातल्या एखाद्याच्या पोटाशी कुणीतरी चिकटलेलं सापडेल, त्या दिवशी तुम्हाला आणायचं. खुर्चीसकट. बसूअण्णा म्हणालाय, पायवाटेवरून आम्ही उचलून नेऊ. पांढरं ताट तुमच्या मांडीवर ठेवीन, कुंचला माझ्या हातात असेल, आणि तुम्ही भिंगातून बघाल. मग तुमचा हात माझ्या हातात धरून, दोघी मिळून, त्याला परत सोडू.